लेझरसाठी माझे डोळे पात्र होते, तरी मी चष्मा ठेवला

चष्म्याचा नंबर लेझरने काढून टाकायचा का, हा प्रश्न आमच्या घरात दोघींपुढे एकाच वेळी उभा राहिला. मी चाळिशीच्या उंबरठ्यावर. उजव्या डोळ्याला मायनस साडेपाच, डाव्याला मायनस पाच आणि वर थोडा सिलिंडर, म्हणजे दृष्टिवैषम्याचा नंबर. धाकटी बहीण सत्तावीस वर्षांची. दोन्ही डोळ्यांना मायनस तीनच्या आसपास. तपासण्या आम्ही एकत्रच करून घेतल्या. शेवटी तिने लेझर केलं, मी केलं नाही. दोघींचेही निर्णय आजवर पटलेले आहेत.

हे सविस्तर लिहायचं कारण असं, की त्या काळात ज्याला विचारावं तो एका टोकाला असायचा. कुणी म्हणायचं, "करून टाक, दहा मिनिटांचं काम, आयुष्य बदलतं." कुणी म्हणायचं, "डोळ्यांशी खेळ नको." या दोन्हीच्या मधली जी खरी विचार करायची जागा आहे, तिच्याबद्दल फार कुणी बोलत नव्हतं. आणि सगळा निर्णय तिथेच होतो.

पहिल्यांदा आम्ही जिथे गेलो तिथे आमचा नंबर काढला, एका यंत्रासमोर बसवलं आणि बुबुळाची जाडी बघून सांगितलं, "दोघीही फिट आहात." लगेच तारीख विचारली. बाहुल्या मोठ्या करून मागचा पडदा कुणी पाहिला नाही, डोळे कोरडे पडतात का हेही विचारलं नाही. मीच विषय काढला तेव्हा उत्तर आलं, "ड्रॉप देऊ ना." त्या दिवशी तारीख न घेता आम्ही उठलो. तिथले लोक वाईट होते असं मला म्हणायचं नाही. पण ज्या अवयवावर आयुष्यभराचा बदल करायचा, त्याच्याबद्दल एवढंच जाणून घेऊन पुढे जायची माझी तयारी नव्हती. मग आमच्या नेहमीच्या नेत्रतज्ज्ञांनी ज्यांचं नाव सुचवलं, त्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांच्याकडून फोनवरच पहिली सूचना आली : कॉन्टॅक्ट लेन्स बंद करा, मग या. सॉफ्ट लेन्स असतील तर साधारण दोन आठवडे, सेमी-सॉफ्ट म्हणजे आरजीपी असतील तर निदान तीन, आणि जुन्या पद्धतीच्या हार्ड लेन्स असतील तर चार. बहीण कुरकुरली, कारण ती रोज लेन्स घालायची. पण कारण अगदी साधं आहे. लेन्स बुबुळावर टेकलेली असते आणि तिच्यामुळे बुबुळाचा आकार किंचित बदलतो. लेन्स काढल्या काढल्या मापं घेतली तर ती बदललेल्या आकाराची येतात आणि लेझरचा सगळा हिशेब त्या चुकीच्या मापांवर बसतो. ज्या ठिकाणी हे विचारतच नाहीत, तिथल्या मापांवर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

लेझर नेमकं काय करतं हे आधी समजून घेतलं, त्याने माझी निम्मी भीती गेली आणि काही नवे प्रश्नही आले. डोळ्याच्या अगदी पुढे जी पारदर्शक काच आहे ती कॉर्निया, म्हणजे पारपटल. आपण बोलताना तिलाच बुबुळ म्हणतो. प्रकाश वळवण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम तीच करते. तिची मधली जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जराशी जास्त, साधारण ५४० मायक्रॉन. मायनस नंबरात प्रकाश पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतो, म्हणून लेझरने या काचेचा मधला भाग किंचित सपाट करतात. त्यासाठी १९३ नॅनोमीटरचे अतिनील किरण वापरतात. १९८१ साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम यांच्या लक्षात आलं की हे किरण जिवंत ऊतीचा अतिशय पातळ थर काढून टाकतात आणि शेजारचा भाग भाजत नाहीत. दोन वर्षांनी, १९८३ मध्ये, स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञांनी श्रीनिवासन यांच्याबरोबर ते डोळ्याच्या कॉर्नियावर वापरून दाखवलं. "लेझरने डोळा जाळतात" हे जे लहानपणापासून कानावर होतं, ते इथे मनातून गेलं.

पण एक गोष्ट त्याच वेळी पक्की झाली. काढलेला थर परत येत नाही. चष्मा बदलता येतो, लेन्स काढून ठेवता येते. हे मात्र एकदा केलं की केलं.

तपासणीच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही तिथेच होतो. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि समोरच्या दिव्याकडे बघत पापणी न लववता थांबायचं. एका यंत्रात काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची रांग दिसते. त्या वर्तुळांचं बुबुळावर पडणारं प्रतिबिंब किती वाकडंतिकडं आहे, त्यावरून पृष्ठभागाचा उंचसखलपणा कळतो. दुसऱ्यात, पेंटाकॅम म्हणतात त्यात, निळ्या प्रकाशाची एक बारीक फट डोळ्यासमोर गोल फिरते. दोन सेकंदांचं काम, पण मध्येच पापणी मिटली की पुन्हा पहिल्यापासून. या यंत्रातून कॉर्नियाच्या पुढच्या पृष्ठभागाचा नकाशा मिळतो, मागच्या पृष्ठभागाचाही मिळतो आणि प्रत्येक ठिकाणची जाडीही मिळते.

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. हिरवे, पिवळे, मध्ये नारिंगी पट्टे. ते म्हणाले, "लोक जाडीचा आकडा विचारतात. मी आधी मागचा पृष्ठभाग बघतो." केराटोकोनस नावाचा एक आजार आहे, त्यात कॉर्निया हळूहळू पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. सुरुवातीला चष्म्याने छान दिसतं, पुढचा पृष्ठभागही ठीक वाटतो, पण मागच्या बाजूला फुगवटा दिसायला लागलेला असतो. अशा डोळ्यावर लेझर केलं तर आधीच कमकुवत असलेली काच आणखी पातळ होते आणि पुढे येत राहते. म्हणून त्यांनी आम्हाला विचारलेला एक प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो : "डोळे चोळता का?" ॲलर्जीने खाज येते आणि वर्षानुवर्षे चोळून चोळून कॉर्नियावर ताण येतो. घरात कुणाला केराटोकोनस आहे का, हेही विचारलं. आम्हा दोघींच्या नकाशांत तसं काही नव्हतं.

मग कागदावर हिशेब. माझ्या उजव्या डोळ्याची जाडी ५२८ मायक्रॉन. लॅसिकमध्ये वरचा एक पातळ पापुद्रा, फ्लॅप, बिजागरीसारखा उघडून बाजूला करतात, खाली लेझर मारतात आणि पापुद्रा परत बसवतात. फ्लॅपचे सुमारे ११० मायक्रॉन. लेझरने एका नंबरामागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन जातात, म्हणजे साडेपाच नंबराला ऐंशीच्या आसपास. ५२८ मधून ११० आणि ८० गेले, उरले ३३८. खाली निदान २५० तरी उरायलाच हवेत आणि बरेच डॉक्टर २८० ते ३०० धरून चालतात. "म्हणजे बसतंय," मी म्हटलं. "जाडीत बसतंय," ते म्हणाले.

जाडीत बसणाऱ्या माझ्या डोळ्यांची पुढची परीक्षा पाण्याची होती. खालच्या पापणीच्या आत कागदाची छोटी पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात आणि ती किती ओली होते ते मोजतात. १० मिलिमीटरच्या खाली गेलं तर अश्रू कमी. माझी पट्टी सातवर थांबली. नंतर नारिंगी-पिवळा रंग डोळ्यात सोडून निळ्या उजेडात बघतात, की पापणी उघडल्यावर अश्रूंचा थर किती वेळ अखंड राहतो. दहा सेकंद टिकला तर ठीक. माझा सहाव्या सेकंदालाच फाटत होता. डॉक्टरांनी पापणीच्या कडा दाबून बघितल्या. तिथल्या तेलग्रंथींतून जे पातळ तेल सहज यायला हवं, ते घट्ट होऊन अडकलं होतं.

याचा लेझरशी संबंध मला तोवर नीट माहीत नव्हता. कॉर्नियात अतिशय बारीक मज्जातंतूंचं दाट जाळं असतं. डोळा कोरडा पडतोय हे तेच मेंदूला कळवतात आणि मग पाणी सुटतं. लॅसिकमध्ये फ्लॅप कापताना यातले बरेच तंतू कापले जातात. ते परत वाढतात, पण त्याला काही महिने लागतात, कधी वर्षही लागतं. ज्याचे डोळे आधीच कोरडे, त्याच्यासाठी हा काळ फार जड जातो आणि थोड्या लोकांचा त्रास नंतरही राहतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, इतर संस्थांबरोबर लॅसिकच्या रुग्णांना थेट त्यांचे अनुभव विचारून एक अभ्यास केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेआधी कोरडेपणाची काहीच तक्रार नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी ती सांगितली. आधी दृष्टीची कसलीही तक्रार नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी काही ना काही नवीन जाणवत होतं, मुख्यतः रात्री दिव्यांभोवती वलयं. त्याच अभ्यासात ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या दृष्टीवर समाधानी होते आणि या त्रासामुळे रोजच्या कामात फार अडचण येणारे एक टक्क्याहून कमी होते. हे आकडे एकत्रच वाचायला हवेत. नुसते समाधानाचे आकडे दाखवणाराही अर्धंच सांगतो आणि नुसते तक्रारींचे दाखवणाराही.

मला डॉक्टरांनी सरळ सांगितलं, की आधी डोळ्यांचा कोरडेपणा बरा करू, मग लेझरचं बोलू. काही महिने रोज पापण्यांना गरम शेक, कडांची स्वच्छता, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूंसारखे थेंब आणि काम करताना मुद्दाम पापण्या लववायची सवय. आकडे हळूहळू सुधारले. फेरतपासणीत डॉक्टर म्हणाले, "आता करायला हरकत नाही."

त्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "तुम्ही दिवसभर काम काय करता?"

मी जुने कागद दुरुस्त करते. फाटलेली, किडीने खाल्लेली, शाईने कुरतडलेली कागदपत्रं. कागदाची फाटलेली कड जवळून पाहिली तर तिथे बारीक तंतू मोकळे झालेले दिसतात. त्या तंतूंवर अतिशय पातळ टिश्यूचा तुकडा असा बसवायचा, की तुकड्याचे तंतू आणि जुन्या कागदाचे तंतू एकमेकांत जातील. चिमट्याचं टोक कुठे टेकतंय ते कळलं नाही तर कागद आणखी फाटतो. आणि हे काम मी चष्मा काढून करते, वर्षानुवर्षे. चष्मा टेबलावर ठेवायचा, कागदावर वाकायचं आणि सगळं स्वच्छ, मोठं दिसतं. भिंगसुद्धा मला क्वचित लागतं.

डॉक्टरांनी हे ऐकून पेन खाली ठेवलं. "कागद डोळ्यापासून किती लांब असतो?" मी हाताने दाखवलं. त्यांनी पट्टीने मोजलं, १८ सेंटिमीटर भरले. मग म्हणाले, "साडेपाच नंबराच्या डोळ्याला ताण न घेता बरोबर एवढ्याच अंतरावर स्पष्ट दिसतं. एक मीटर भागिले साडेपाच. नंबर शून्य केला की याच अंतरावर बघायला डोळ्याच्या आतल्या भिंगाला साडेपाच डायॉप्टरची, म्हणजे साडेपाच नंबराइतकी, ताकद लावावी लागेल. तुमच्या वयात ती एकूणच पाचच्या आसपास उरलेली असते आणि सलग कामासाठी त्यातली निम्मीच वापरता येते. पुढच्या काही वर्षांत तीही जाईल."

चाळिशी सगळ्यांनाच लागते, हे मला माहीत होतं. लेझर केलं तरी पुढे वाचायला चष्मा लागेल, हेही पहिल्या ठिकाणी कुणीतरी उभ्या उभ्या म्हणालं होतं. पण मायनस नंबराच्या माणसाकडे चष्मा काढून जवळचं बघण्याची जी सोय असते, ती लेझरने काढून घेतली जाते, हे कुणी असं पट्टी लावून दाखवलं नव्हतं. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. मायनसच्या चष्म्यातून जवळ बघताना डोळ्याला थोडी कमी ताकद लागते. लेन्स किंवा लेझरनंतर पूर्ण लागते. म्हणून चाळिशीजवळचे काही लोक लेझर केल्या केल्या "अचानक वाचायला त्रास होतोय" अशी तक्रार घेऊन येतात. त्यांचे डोळे बिघडलेले नसतात. इतके दिवस चष्म्याआड लपलेली चाळिशी उघडी पडलेली असते.

"माझ्या शब्दावर जाऊ नका," ते म्हणाले. "पूर्ण नंबराच्या लेन्स घालून कामाला बसा. लेझरनंतर जसं दिसेल, साधारण तसं आत्ताच कळेल."

हा या सगळ्या प्रक्रियेतला सगळ्यात उपयोगी सल्ला होता. चाळिशीच्या आसपासच्या प्रत्येकाला, ज्याला लेन्स चालतात त्याला, मी तो आग्रहाने सांगते. लेन्स घालून रस्त्यावर चालताना फारच छान वाटलं. लांबच्या पाट्या, झाडांची पानं, समोरून येणाऱ्यांचे चेहरे, सगळं नाकावरच्या ओझ्याशिवाय. पावसात काच पुसायला नको. हे सुख लहान नाही आणि ज्यांना ते हवं असतं त्यांना मी नावं ठेवणार नाही. मग कामाच्या टेबलाशी बसले. कागदावर वाकले आणि तंतू दिसेनात. कड म्हणजे नुसती पुसट राखाडी रेष. कागद लांब धरला की रेष स्पष्ट व्हायची, पण तिथून तंतू मोजता येण्याइतके मोठे दिसत नव्हते. वाचायचा चष्मा लावून पाहिला, डोक्यावर बांधायचं भिंग लावून पाहिलं. भिंगातून दिसतं, पण मान एका जागी धरावी लागते, कडेचं दिसत नाही आणि हात भिंगाबाहेर गेला की पुन्हा धूसर.

डॉक्टरांनी एक मधला मार्गही करून बघायला सांगितला. मोनोव्हिजन म्हणतात त्याला. एक डोळा लांबच्यासाठी पूर्ण दुरुस्त करायचा, दुसऱ्यात थोडा मायनस मुद्दाम ठेवायचा, म्हणजे तो जवळचं वाचेल. ऑफिसात, संगणकावर काम करणाऱ्या बऱ्याच जणांना हे चांगलं जमतं. मेंदू काही आठवड्यांत सरावतो. तेही लेन्स घालून पाहिलं. वाचन ठीक झालं. पण खोलीचा अंदाज दोन्ही डोळ्यांनी मिळून घ्यायचा असतो आणि माझं सगळं काम त्या अंदाजावर चालतं. चिमटा कागदाला टेकला असं वाटायचं तेव्हा तो केसभर वरच असायचा. शिवाय एवढ्या जवळच्या कामासाठी दुसऱ्या डोळ्यात जितका मायनस ठेवावा लागला असता, तितका फरक मेंदूला पेलत नाही.

कॉर्नियाला हात न लावता डोळ्याच्या आत लेन्स बसवायची, आयसीएल म्हणतात ती, हाही पर्याय मी विचारला. ती पुन्हा काढता येते आणि जास्त नंबराला किंवा पातळ कॉर्नियाला ती बरी पडते. पण जवळच्या दृष्टीचा हिशेब तिच्यातही तोच आणि डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया म्हणून जोखमी वेगळ्या. तो विषय तिथेच संपवला.

माझ्या बाजूने निर्णय असा झाला. यंत्रांनी नाही म्हटलं नव्हतं. जाडी होती, नकाशे चांगले होते, कोरडेपणाही आटोक्यात आला होता. पात्र आहात का, याचं उत्तर डॉक्टर देतात. तुमचा दिवस कसा जातो आणि तुम्ही कशाच्या बदल्यात काय देताय, हे त्यांना तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी ते विचारतही नाहीत. मला लांबचं बिनचष्म्याचं दिसणं हवं होतं, पण अठरा सेंटिमीटरवरचे तंतू त्याहून जास्त हवे होते. पंचविसाव्या वर्षी हाच प्रश्न असता तर भिंगाची ताकद भरपूर होती, पुढची दहा-पंधरा वर्षं दोन्ही मिळालं असतं. तेव्हाचं उत्तर कदाचित वेगळं आलं असतं.

बहिणीचं उत्तर वेगळंच आलं, आणि ते तिच्या वयामुळे नि खेळामुळे. तिचा नंबर कित्येक वर्षं बदललेला नव्हता. वर्षभर तरी नंबर स्थिर हवा, अर्ध्यापेक्षा जास्त फरक नको, हा नियम कुणीही मोडू नये. गरोदर असताना किंवा बाळाला अंगावर पाजत असताना नंबर हलतो, म्हणून तेव्हा थांबायचं. तिचे अश्रू भरपूर, कॉर्निया जाड, संधिवात किंवा ल्युपससारखा कुठला आजार नाही, आणि ती ज्युदो खेळते. चष्मा घालून मॅटवर उतरता येत नाही. लेन्स घातली तर पकडीत ती कधी निसटेल याचा नेम नाही.

ती लॅसिकच धरून बसली होती, कारण दुसऱ्या दिवशी स्वच्छ दिसतं. डॉक्टरांनी ज्युदो ऐकून तिला थांबवलं. फ्लॅप परत बसतो, पण आधीसारखा एकजीव कधीच होत नाही. डोळ्यावर जोराचा मार बसला तर तो वर्षांनंतरही सरकल्याची उदाहरणं आहेत. "मारामारीच्या खेळात मी फ्लॅप करणार नाही," ते म्हणाले. स्माईल नावाच्या पद्धतीत फ्लॅप नसतो, छोट्या छेदातून आतली पातळ चकती ओढून काढतात. त्याचाही विचार झाला. शेवटी पीआरके ठरलं. सगळ्यात जुनी पद्धत, सगळ्यात दुखरी. तिच्यात फ्लॅपच नाही. वरची नाजूक त्वचा पुसून काढतात, उघड्या पृष्ठभागावर लेझर मारतात, वर संरक्षक लेन्स ठेवतात आणि त्वचा आपली आपण परत येते.

"ताई, तू बरोबर ये," एवढंच तिने मला सांगितलं. मी काचेबाहेर होते. आत प्रत्यक्ष लेझर प्रत्येक डोळ्याला अर्ध्या मिनिटाहून कमी चाललं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, दुखलं काहीच नाही, हिरव्या दिव्याकडे बघत राहायचं, पण केस जळल्यासारखा वास येतो. त्या वासाबद्दल डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. जे कण उडतात त्यांचा तो वास असतो, डोळा भाजत नाही. आधी माहीत नसतं तर ती टेबलावर दचकली असती, आणि नेमकं तेव्हाच स्थिर राहायचं असतं.

संध्याकाळी सुन्नपणाचे थेंब उतरले आणि दुखणं सुरू झालं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं, पाणी थांबेना, खिडकीच्या फटीतला उजेडही सोसेना. तिने पडदे ओढून घेतले, फोन मला दिला आणि उशीत तोंड घालून पडून राहिली. थेंबांच्या वेळा मी कागदावर लिहून भिंतीला लावल्या होत्या : अँटिबायोटिक, स्टेरॉइड, अश्रूंसारखे. खाली पापणी ओढायची, थेंब कप्प्यात सोडायचा, बाटलीचं टोक कशालाही लावायचं नाही, दोन औषधांत पाच मिनिटं. एरवी मॅटवर कितीही आपटली तरी हूं की चूं न करणारी ही मुलगी त्या दुसऱ्या रात्री मला म्हणाली, "ताई, हे होतं ना बरं सगळ्यांचं?" होतं. त्वचा भरून आल्यावर संरक्षक लेन्स काढली आणि दुखणं गेलं. दिसणं मात्र लगेच आलं नाही. एक दिवस बरं, दुसऱ्या दिवशी धूसर, अक्षरांना सावली. लॅसिक केलेली तिची मैत्रीण दुसऱ्या दिवशी कामाला गेली होती. हिला संगणकाच्या पडद्यावर वाचायला कितीतरी जास्त दिवस लागले आणि दृष्टी खऱ्या अर्थाने स्थिर व्हायला काही महिने. पीआरके ठरवणाऱ्याने एवढी सवड आधीच काढून ठेवावी आणि घरात थेंब घालायला कुणीतरी असावं. स्टेरॉइडचे थेंब बरेच आठवडे हळूहळू कमी करत घालतात. त्यांनी डोळ्यांतला दाब वाढू शकतो, म्हणून तो मोजायच्या तपासण्या एकही चुकवायची नाही.

आता तिला चष्म्याशिवाय तक्त्याची शेवटची ओळ दिसते. रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांभोवती सुरुवातीला वलयं दिसायची, ती बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाहीत. ती म्हणते, चालतंय.

दोघींनाही एक गोष्ट डॉक्टरांनी सारखीच सांगितली. मायनस नंबराचा डोळा मुळात लांबट असतो. लेझर पुढची काच बदलतं, डोळ्याची लांबी तेवढीच राहते. ताणलेल्या पडद्याला कडेला भोक पडण्याची किंवा पडदा सुटण्याची जोखीम चष्मा गेला म्हणून जात नाही. माझ्या डाव्या डोळ्यात कडेचा पडदा थोडा विरळ झालेला सापडला आहे. सध्या नुसतं लक्ष ठेवायचं. अचानक विजेसारख्या चमका, काळ्या ठिपक्यांचा झोत किंवा कडेने पडदा उतरल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे, उद्यावर टाकायचं नाही. बहिणीला हे दोनदा सांगावं लागलं, कारण चष्मा उतरला की माणसाला डोळे बरे झाले असंच वाटतं.

तिच्या लेझरआधीच्या सगळ्या मापांची, नकाशांची प्रत आम्ही मागून घेतली. पुढे कधी मोतीबिंदू झाला तर आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना लेझर झालेल्या कॉर्नियामुळे हिशेब चुकू शकतो. तेव्हा ही जुनी मापं कामी येतात. काचबिंदूसाठी डोळ्यांतला दाब मोजतानाही, कॉर्निया पातळ झाल्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून ती कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेली की पहिल्यांदा लेझरचं सांगते. एक प्रत तिच्याकडे आहे, एक माझ्याकडे, फोटो दोघींच्या फोनमध्ये.

मी पातळ काचांचा हलका चष्मा करून घेतला आणि पापण्यांचा शेक अजून चालू आहे, त्याने कामाच्या शेवटी डोळे जळजळत नाहीत. मोतीबिंदूची वेळ येईल तेव्हा आतल्या लेन्सचा नंबर निवडता येतो, लांबचं बिनचष्म्याने हवं की जवळचं, हे तेव्हा पुन्हा ठरवता येईल, असं डॉक्टरांनी माझ्या फाईलवर लिहून ठेवलंय. पडद्याच्या तपासणीला वर्षातून एकदा आम्ही दोघी एकाच दिवशी जातो. थेंबांनी बाहुल्या मोठ्या झाल्यावर काही तास उजेड टोचतो, म्हणून परतताना गाडी चालवायला तिसरं कुणीतरी बरोबर घेऊन.